परसातली बदकं: जात कोणती घ्यावी आणि पिल्लांतली मादी कशी ओळखावी

प्रश्न थोडक्यात असा: कुडाळजवळच्या वाडीत घर, मागे मोठं परस, विहिरीला बारमाही पाणी, पण जवळ तळं किंवा ओहोळ नाही. शेजाऱ्यांची घरं हाकेच्या अंतरावर. घरापुरती अंडी हवीत, पाहुणे आलेच तर एखादं बदक मटणाला. गेल्या वर्षी मोटरसायकलवर टोपल्या बांधून फिरणाऱ्या विक्रेत्याकडून ‘सगळ्या माद्याच आहेत’ या बोलीवर सहा पिल्लं घेतली, मोठी झाल्यावर त्यांतले चार नर निघाले. आता जात कोणती घ्यावी, आणि पिल्लू हातात घेतल्यावर नर-मादी कळतं का?

कळतं. कोंबडीच्या पिल्लापेक्षा बदकाच्या पिल्लात ते सोपंही आहे. पण आधी एक सांगतो: तुमचं नुकसान जातीमुळे झालेलं नाही. सहात चार नर निघणं ही फसवणूकच असेल असंही नाही. नर-मादी पाहून न निवडलेल्या पिल्लांत निम्मे नर, निम्म्या माद्या असतात, आणि आकडा लहान असला की चार-दोन सहज होतं. टोपलीवाल्यालाही बहुतेक वेळा काही माहीत नसतं, गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असतं ते तो बोलतो. जात कितीही नावाजलेली असो, तिचा नर वर्षभर कोंडा खाऊन एकही अंडं देणार नाही. म्हणून जातीवर जितका विचार करताय त्याच्या दुप्पट विचार माद्या किती पदरात पडतील यावर करा.

हिशेब नाणेफेकीचा आहे. न निवडलेली दहा पिल्लं घेतलीत तर निदान पाच माद्या निघण्याची शक्यता ६२ टक्क्यांच्या आसपास. बारा घेतलीत तर ८० टक्के. म्हणजे पाच माद्या हव्यात म्हणून बारा पिल्लं आणली तरी पाचातल्या एका वेळी हात चोळत बसावं लागतं, आणि वरचे सहा-सात नर कापायची तयारी ठेवावी लागते. ती तयारी असेल तर स्वस्तातली पिल्लं घ्यायला माझी काही हरकत नाही. नसेल तर पुढचं वाचा.

नर मुळात लागतो का? नुसती खायची अंडी हवी असतील तर नाही. मादी नराशिवायही तेवढीच अंडी घालते, फक्त त्यांतून पिल्लू निघत नाही. घरची पिल्लं काढायची असतील तर हलक्या जातींत एका नरामागे पाच-सहा माद्या ठेवाव्यात. दोन माद्यांवर चार नर ही तुमची आताची स्थिती मात्र माद्यांच्या जिवावरची आहे. मानेमागची पिसं उपटलेली, पाठीवर ओरखडे, अंडी कमी. आणि पाण्याच्या टाकीत तीन-चार नर एकाच मादीवर बसले तर ती बुडून मरतेसुद्धा. त्याच खुराड्यात कोंबड्या असतील तर आणखी जपा. बदकाच्या नराला बाहेर येणारं इंद्रिय असतं, कोंबड्याला तसं नसतं. असा नर कोंबडीवर चढला तर तिला आतून जखमा होतात. जादा नर आजच वेगळे काढा. वर्षाचे झालेत म्हणजे मटण चिवट लागेल, पण मंद आचेवर वेळ देऊन शिजवलं आणि वाटप सढळ घातलं तर तक्रार येत नाही.

आता जाती. पुस्तकात पंधरा-वीस नावं सापडतील, आपल्या परसाशी खरा संबंध चार-पाचांचाच.

अंड्यांसाठी पहिलं नाव खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात युली नावाच्या गावी अ‍ॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी १९०० च्या आगेमागे ही जात तयार केली. घरात भरपूर अंडी देणारी रनर जातीची मादी होती, तिच्यावर अंगाने भरलेला रुआँ जातीचा नर सोडला, पुढे त्यात मलार्ड या रानटी बदकाचं रक्त घातलं. उद्योगाचं कारण अगदी घरगुती होतं: घरच्यांना बदक खायला आवडायचं, आणि रनर अंगाने बारीक. त्यातून निघालं ते मात्र अंड्यांचं यंत्र. चांगल्या खाद्यावर वर्षाला २५० ते ३०० अंडी, अंडं ६५-७० ग्रॅमचं, बदक दोन किलोच्या आतबाहेर. हे आकडे पूर्ण खाद्य घालणाऱ्या फार्मचे आहेत. परसात चरून, घरच्या कण्या-कोंडा खाऊन दीडशेच्या वर गेली तरी समाधान माना; पूर्ण खाद्य द्याल तसा आकडा चढेल. एक खोड आहे: ही मादी खुडूक होत नाही. अंडी घालते आणि विसरते. पिल्लं काढायची तर गावठी खुडूक कोंबडी किंवा इन्क्युबेटर लागतं.

इंडियन रनर म्हणजे बाटलीसारखं उभं चालणारं बदक. नावात इंडियन असलं तरी मूळ इंडोनेशियातलं, जावा-बाली-लोंबोकच्या भातखाचरांतलं. अंड्यांना चांगलं, चरायला त्याहून चांगलं. गोगलगायी वेचत दिवसभर हिंडतं. पण भारी भित्रं. कुत्रं भुंकलं की सगळा कळप एका कोपऱ्यात चेंगरतो. परसाला कुंपण नसेल तर मी सुचवणार नाही.

मटणाला व्हाइट पेकिन. मूळ चीनचं, १८७३ मध्ये अमेरिकेत गेलं आणि तिथून जगभर पसरलं. पोटभर खाद्यावर सात-आठ आठवड्यांत सव्वादोन ते अडीच किलो भरतं. अंडीही देतं, पण खाकीच्या जवळपास जात नाही, आणि खातं मात्र अफाट. तुमच्या ‘घरापुरती अंडी’ या गरजेला पेकिन घेणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

मस्कव्ही हा वेगळाच प्राणी. लाल मांसल तोंड, काळं-पांढरं अंग, नखं तीक्ष्ण. बाकी सगळी पाळीव बदकं मलार्डच्या वंशातली, हे एकटं दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या दुसऱ्या जातकुळीचं. म्हणून त्याची अंडी उबायला २८ नव्हे, ३५ दिवस लागतात, आणि इतर बदकांशी त्याचा संकर झाला तर पिल्लं वांझ निघतात. अंडी बेताची. पण मादी अंड्यांवर इतकी चिकाटीने बसते की इन्क्युबेटरची गरजच पडत नाही, आणि ती क्वॅक-क्वॅक करत नाही. शेजारी जवळ असतील, पहाटे पाचला ओरडण्यावरून भांडणं होण्यासारखी असतील, तर हा गुण सगळ्या अंड्यांवर भारी पडतो. पंख कापले नाहीत तर मादी उडून छपरावर बसते, तेवढं लक्षात ठेवा.

राहिली देशी बदकं. केरळात कुट्टनाडची चारा आणि चेंबल्ली, आसामात पाती, बिहारात मैथिली अशा आपल्याकडे जाती आहेत. कुट्टनाडात भातकापणी झाली की हजारोंचे कळप एका मळ्यातून दुसऱ्यात चरत नेतात, त्या राबत्यातून घडलेली ही बदकं. आपल्याकडे गावात ‘गावठी बदक’ म्हणून जे मिळतं ते कशाकशाचं मिश्रण असतं. अंडी कमी, पण पावसाला, चिखलाला, उपाशी दिवसांना टिकणारं. त्यांतल्या मलार्डच्या रंगाच्या, म्हणजे गडद तपकिरी ठिपकेदार माद्या दिसल्या तर त्यांच्यावर नजर ठेवा. त्यांचा एक खास उपयोग खाली सांगतो.

एक विषय कानावर येतो म्हणून सांगून टाकतो. पाणथळीवरच्या रानातल्या हळदी-कुंकू बदकाची अंडी उचलून कोंबडीखाली उबवायचे उद्योग करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि ती पिल्लं परसात टिकतही नाहीत.

तुमच्यासाठी माझं मत: खाकी कॅम्पबेलच्या पाच-सहा माद्या. शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या, अधूनमधून चार अंडी पाठवा. ते जमणारं नसेल तर मस्कव्ही.

आता मुद्द्याचं. पिल्लू हातात आहे, नर की मादी?

जन्मल्यापासून दोन-तीन दिवसांच्या आत शेपटीखालचं द्वार उघडून पाहणं ही खात्रीची रीत. कोंबडीच्या पिल्लांत हेच काम फार नाजूक असतं. तिथे नराला जेमतेम दिसणारा एक उंचवटा असतो, आणि तो ओळखण्याचं तंत्र जपानी संशोधकांनी १९२० च्या दशकात बसवलं तेव्हा कुठे हॅचऱ्यांना, म्हणजे पिल्लं उबवून विकणाऱ्या केंद्रांना, पिल्लं निवडणारी माणसं मिळू लागली. बदकाच्या पिल्लात शोधायची वस्तू मोठी आहे, म्हणून शिकायला सोपं.

पिल्लू डाव्या तळहातात उताणं घ्या, डोकं तुमच्या मनगटाकडे, शेपटी बाहेर. आधी पोटाला अगदी हलका दाब देऊन विष्ठा काढून टाका, नाहीतर ती ऐनवेळी तोंडावर येते. शेपूट बोटाने पाठीच्या बाजूला वाकवा. मग दोन्ही अंगठे द्वाराच्या दोन बाजूंना ठेवून किंचित खाली दाबत बाहेरच्या बाजूला ताणा. आतलं गुलाबी अस्तर वर उलटतं. नर असेल तर त्या गुलाबी कड्याच्या मधून तांदळाच्या कणीएवढं, जरा वाकडं, फिकट टोक टचकन बाहेर येतं. मादीत असं टोक नसतं, नुसत्या सपाट घड्या दिसतात. दोन-चार सेकंदांचं काम. त्याहून जास्त वेळ ताणून धरू नका. उजेड भरपूर हवा, हात कोरडे आणि कोमट हवेत, नखं कापलेली हवीत.

यातला खरा फसवा भाग असा: टोक दिसलं तर नर नक्की, पण टोक दिसलं नाही म्हणजे मादी नक्की असं नाही. अस्तर पुरतं उलटलं नसेल तर नराचं इंद्रिय आतच राहतं, आणि नवशिका त्याला मादीत टाकतो. म्हणून नवख्या माणसाने निवडलेल्या ‘माद्यां’त हमखास एखाद-दोन नर सापडतात, नरांत मादी क्वचितच सापडते. नर वाटलेली बाजूला ठेवा, मादी वाटलेली दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. नाळेची जागा अजून ओली असेल किंवा पिल्लू मरगळलेलं असेल तर हात लावू नका. जोराने दाबलं तर आतल्या जखमेने पिल्लू दुसऱ्या दिवशी मरतं, आणि माणूस खाद्याला दोष देत बसतो. ज्याला रोज पिल्लं हाताळायची नाहीत त्याने हे एकदा जाणत्याच्या हाताखाली बघून घ्यावं. केवळ वाचून आणि व्हिडिओ पाहून घरच्या सहा पिल्लांवर प्रयोग करू नये, असं मला वाटतं. आठवडा-दहा दिवसांनंतर ही रीत अवघड होत जाते.

परसवाल्यासाठी सगळ्यात सोपी आणि बिनधोक खूण म्हणजे आवाज. पहिला महिनाभर सगळी पिल्लं सारखीच चिवचिवतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून आवाज फुटायला लागतो आणि आठव्यापर्यंत बहुतेकांचा स्पष्ट होतो. मादीचा आवाज मोठा, खणखणीत, तुटक: क्वॅक, क्वॅक. नराचा बसलेला, घोगरा, घसा धरल्यासारखा. त्याला कारण आहे. नराच्या श्वासनळीच्या तळाशी, आवाज निघतो त्या जागी, डाव्या बाजूला हाडासारखा कठीण पोकळ फुगा असतो. मादीला तो नसतो.

ऐकायचं कसं, तेही नीट सांगतो, कारण कळपात उभं राहून कान लावला तर काहीच कळत नाही. चार माद्यांच्या गोंगाटात नर झाकून जातो. एकेक पिल्लू उचला. पायाला धरून लोंबकळत नव्हे. बदकाचे पाय त्या ओढीला टिकत नाहीत, लंगडं होतं. दोन्ही पंख अंगाशी दाबून पोटाखालून उचला, बगलेत धरा आणि बाकीच्यांपासून पंधरा-वीस पावलं दूर जा. कळप दिसेनासा झाला की पिल्लू तक्रार करतंच. मादी असेल तर कानाजवळ इतकी मोठ्याने ओरडते की शंका राहत नाही. नर खरखरतो, किंवा अजून आवाज फुटला नसेल तर चिवचिवतच राहतो. काही पिल्लं भीतीने गप्पच बसतात. त्यांना नर समजू नका, ‘अजून ठरलं नाही’ या गटात ठेवा. ओळख पटलेल्या मादीच्या पायात रंगीत दोरा सैल बांधा, दर आठवड्याला तो तपासा, कारण पाय झपाट्याने जाड होतो आणि दोरा रुततो. आठवड्याने पुन्हा ऐका. दोन फेऱ्यांत सगळं मिटतं.

मस्कव्हीला ही खूण अशीच्या अशी लावू नका. तिथे नर सापासारखा हिस्स करतो आणि मादी हळू, शिट्टीसारखा आवाज काढते. त्यांच्यात आकार बघावा. तीन-चार आठवड्यांतच नराचे पाय आणि पंजे जाड दिसतात, डोकं मोठं, आणि पुढे तर नर मादीच्या जवळजवळ दुप्पट होतो.

शेपटीवरची वळलेली पिसं सगळ्यांना माहीत असतात. नराच्या शेपटीवर दोन-तीन पिसं वर कुरळी होतात, मादीची सरळ राहतात. खूण खरी, पण उशिरा येणारी: तीन ते चार महिन्यांनी. तोवर खाद्याचा अर्धा खर्च होऊन गेलेला असतो. शिवाय नर पिसं टाकतो तेव्हा ही कुरळी पिसंही काही आठवडे जातात, आणि विकणाऱ्याने उपटली असतील तर तुम्हाला कळणारही नाही. मस्कव्हीच्या नराला ती नसतातच. गंमत म्हणजे म्हाताऱ्या मादीचा अंडाशय निकामी झाला तर तिलाही कधी कधी नरासारखी पिसं येतात. तेव्हा बाजारात मोठं बदक घेतानाही शेपटीवर न जाता ओरडायला लावा.

खाकी कॅम्पबेलमध्ये रंगही मदत करतो. अंगावर पक्की पिसं आली की नराचं डोकं आणि मान हिरवट-तांबूस झाक मारतात, चोच हिरवटसर, पाय गडद नारिंगी. मादी डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखी मातकट खाकी, चोच काळपट. पेकिन आणि पांढऱ्या रनरमध्ये रंगावरून काहीच कळत नाही, तिथे आवाज हाच आधार.

लांबट अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते, दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर धरली की ती गोल किंवा सरळ फिरते, असं सांगणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचं ऐकूनही अंडी निवडू नका. लिंग ठरतं ते मादीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर, अंड्याच्या आकाराचा त्याच्याशी संबंध नाही.

आता त्या गावठी माद्यांचा उपयोग. खाकी कॅम्पबेलचा खाकी रंग ज्या जनुकामुळे येतो ते लिंगाशी जोडलेलं आणि दबून राहणारं आहे. पक्ष्यांत नराकडे लिंगगुणसूत्राच्या सारख्या दोन प्रती असतात, मादीकडे तशी एकच, आणि ती तिला बापाकडून येते. म्हणून शुद्ध खाकी नर घ्या आणि तो मलार्डच्या रंगाच्या गडद गावठी माद्यांवर सोडा. मुलींना बापाकडून खाकी जनुक मिळतं आणि ते झाकायला दुसरी प्रत नसते, त्यामुळे त्या फिकट तपकिरी निघतात. मुलांना आईकडून गडद प्रतही मिळते, म्हणून ते गडद. अंड्यातून निघालेली पिल्लं सुकली की उन्हात ठेवून बघा: लवेचा काळा भाग काळाच दिसला तर नर, तोच भाग चहासारखा तपकिरी दिसला तर मादी. हात न लावता, पहिल्याच दिवशी. इंग्लंडमध्ये डार्क कॅम्पबेल ही जात याच कामासाठी मुद्दाम तयार केली गेली.

पण अटी पाळा. उलटा जोड, म्हणजे गावठी नर आणि खाकी माद्या, चालत नाही. सगळीच पिल्लं गडद निघतात. गावठी मादीच्या अंगात आधीच खाकी रंग असेल तर सगळीच तपकिरी. पांढऱ्या किंवा पांढऱ्या ठिपक्यांच्या मादीची पिल्लं वाचता येत नाहीत. आणि या संकरातून निघालेला नर पुढच्या पिढीला वापरला की घोळ होतो, त्यामुळे दर वेळी नर शुद्ध खाकीच हवा. या संकराच्या माद्या खाकीइतक्या अंड्यांच्या नसतात, गावठीपेक्षा मात्र बऱ्याच पुढे असतात, आणि परसात तगतात त्याही चांगल्या. दीर्घकाळ बदकं ठेवायची असतील तर मला हीच वाट सगळ्यात पटते: एक खाकी नर, चार-पाच गडद गावठी माद्या, आणि घरची खुडूक कोंबडी. मध्यम कोंबडीखाली बदकाची आठ-दहा अंडी मावतात. अंडं मोठं असल्याने ती ते नीट फिरवू शकत नाही, म्हणून दिवसातून दोनदा हाताने फिरवा, आणि शेवटच्या दहा दिवसांत रोज थोडं कोमट पाणी शिंपडा.

तुमच्याकडचे दोन-तीन जादा नर खाकी असतील, चोच हिरवट आणि अंग त्या रंगाचं असेल, तर त्यांतला सगळ्यात मोठा, सरळ पायांचा एक याच कामासाठी ठेवून घ्या.

नवीन घ्यायची तर कुठून? खात्रीची पिल्लं सरकारी केंद्रांतून मिळतात. बंगळूरजवळ हेसरघट्टा इथे केंद्र सरकारचं कुक्कुट विकास केंद्र आहे, तिथे खाकी कॅम्पबेल आणि व्हाइट पेकिन दोन्ही ठेवतात. भुवनेश्वरला केंद्रीय संशोधन संस्थेचं बदकांवर काम करणारं प्रादेशिक केंद्र आहे. आपल्या राज्यात पशुसंवर्धन खात्याचं बदक पैदास केंद्र गडचिरोली जिल्ह्यात वडसा इथे आहे. सिंधुदुर्गातून हे सगळं लांबच, त्यामुळे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा. कोणी चार-पाच जण मिळून मागवत असतील तर तुमची नोंद त्यांच्याबरोबर करता येते. एक दिवसाची पिल्लं निवडून देतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा. ‘मिश्र’ म्हणाले तर वरचा नाणेफेकीचा हिशेब लावा.

तुम्हाला पाच-सहाच माद्या हव्यात, म्हणून माझा सल्ला मात्र वेगळा आहे. एक दिवसाची पिल्लं घेऊच नका. कोणी मोठी केलेली, दोन महिन्यांची बदकं शोधा, एकेक उचलून ओरडायला लावा, आणि ओरडेल तिचेच पैसे द्या. एकेका पिल्लामागे किंमत तिप्पट पडली तरी ती परवडते, कारण ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब देणाऱ्या पेटीचा, खर्च नाही, पहिल्या तीन आठवड्यांतली मरतूक विकणाऱ्याच्या गळ्यात, आणि नर तुमच्या घरी येतच नाही.

तरीही लहान पिल्लं घेतलीत तर दिवाळीच्या पुढेमागे घ्या. पाऊस सरलेला असतो, शेतात सांडलेलं भात आणि गोगलगायी असतात. कोकणातल्या जुलैच्या पावसात ब्रूडरमधली पिल्लं वाढवणं म्हणजे रोज एक पुरणं. आईखाली वाढलेल्या पिल्लांच्या लवेवर तिच्या अंगचं तेल लागतं, ब्रूडरमधल्यांना ते नसतं, त्यामुळे ती पाण्यात भिजतात, गारठतात आणि मरतात. बदक आहे म्हणून हौसेने टबात सोडू नका. पिसं येईपर्यंत त्यांना चोच नाकपुडीपर्यंत बुडेल एवढं खोल, पण अंग आत जाणार नाही असं भांडं पुरतं. मोठ्यांनाही पोहायला तळं लागतंच असं नाही. विहिरीचं पाणी आणि एक सिमेंटची टाकी तुम्हाला पुरेल.

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३० ते ३२ अंश ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा: दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी, भिंतीला पांगून चोच उघडी ठेवली तर उकाडा.

खाद्यात दोन गोष्टी. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य बदकांना चालतं, पण बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं. ते कमी पडलं की पायांना बाक येतो, पिल्लू घोट्यांवर बसायला लागतं. खाद्यात थोडं यीस्ट मिसळा किंवा दवाखान्यातून बी-कॉम्प्लेक्स घेऊन पाण्यात घाला. दुसरी गोष्ट बुरशी. बदकाचं पिल्लू बुरशीच्या विषाला कोंबडीपेक्षा कितीतरी हळवं असतं. १९६० मध्ये इंग्लंडात टर्की आणि बदकांची पिल्लं हजारोंनी मेली ती बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे, आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष जगाला माहीत झालं ते त्यातूनच. आपल्या दमट हवेत मका आणि शेंगपेंड पावसाळ्यात साठवू नका, कुबट वास आला की खतात टाका.

दोन महिन्यांच्या पुढे बदकांच्या प्लेगची लस दवाखान्यातून करून घ्या. परसात मुंगूस, उदमांजर, भटकी कुत्री असतात, तेव्हा रात्री खुराडं बंद हवंच. बदकं कोंबड्यांसारखी दांडीवर चढत नाहीत, जमिनीवरच बसतात. खाली भाताचा तूस किंवा सुका पेंढा घाला आणि ओला झाला की बदला.

खाकी माद्या साडेचार-पाच महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात. बदक अंडं घालतं ते पहाटे, जवळजवळ सगळीच सकाळी नऊच्या आत, आणि जिथे असेल तिथेच. म्हणून त्या दिवसांपासून नऊ वाजेपर्यंत खुराड्याचं दार उघडू नका, नाहीतर निम्मी अंडी सुरंगीच्या बुंध्यात आणि शेजाऱ्याच्या केळीत सापडतील. अंडी गोळा करून चिखल पुसा, आणि खाताना पूर्ण शिजवूनच खा. अर्धकच्चं बदकाचं अंडं घरातल्या लहान मुलांना तर देऊच नका.